तिकीट काढून माहेरी

‘बारामती-इंदापूर दर्शन, एक दिवस, नाश्ता-जेवणासह’ असा मेसेज आमच्या भिशीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मला हसूच फुटलं. माझा जन्म कळंबचा. मामाचं गाव अंथुर्णे, कॉलेज बारामतीला. त्या मुलखातल्या कुठल्या फाट्यावर चहा बरा मिळतो आणि कुठल्या फाट्यावर गुळाचं पाणी, हे मी झोपेत सांगेन. आणि तेच बघायला पुण्याहून पैसे भरून, बसमधे बसून जायचं? कुणी ऐकलं तर वेड्यात काढेल.

पण आमची शेजारीण म्हणाली, “अगं, तू नाही आलीस तर आम्हाला तिथलं सांगणार कोण?” मला कुणी असं चढवलं की माझं डोकं चालेनासं होतं. मी लगेच नाव दिलं.

हे आपलं लोकांना सांगायला. खरं म्हणजे मला तिकडं जायचंच होतं. तीन वर्षं मी माहेरी पाऊल टाकलं नव्हतं, आणि टाकणार नाही असं मीच तोंडानं बोलून बसले होते. बसच्या खिडकीतनं नुसतं ते रान दिसलं तरी पुष्कळ, अशी माझी अवस्था झाली होती. असल्या गोष्टी कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून हसून घेतलं.

झालं होतं ते असं. माझ्या मुलीनं स्वतःचं लग्न स्वतः जुळवलं. मुलगा गुणी, कामाला लागलेला, बोलायला गोड; पण जातीतला नव्हे. आम्हा नवरा-बायकोला काही वाटलं नाही. माझ्या धाकट्या भावाला वाटलं. “भावकीत मी कुठलं तोंड दाखवू?” असं मला फोनवर म्हणाला. मी म्हटलं, “आहे तेच दाखव, दुसरं कुठनं आणणार आहेस?” बोलाचाली झाली, तरी आत कुठंतरी मला खात्री होती की येईल. मामाच ना तो. या पोरीला खांद्यावर बसवून त्यानं अख्खं शिवार फिरवलं होतं. कॅनॉलला पोहायला त्यानंच शिकवलं. सुट्टी संपून पुण्याला निघताना ती माझ्याकडे यायला तयार नसायची, त्याच्या धोतराला लोंबकळायची.

लग्नाला गुरुजींनी माइकवरून पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. माझी पोर हातात नारळ घेऊन खोलीच्या दारात उभी, आणि नजर सगळी हॉलच्या दाराकडं. गुरुजी माझ्याकडं बघायला लागले, तर तीच म्हणाली, “अजून एकदा बोलवा. येईल तो.” तिसऱ्यांदा पुकारलं. शेवटी आमच्या शेजारणीचे यजमान उठले, टोपी सारखी केली आणि तिला हाताला धरून बोहल्यापर्यंत घेऊन गेले. देवमाणूस! त्या दिवसापासून ती त्यांनाच मामा म्हणते. पण त्या तिसऱ्या हाकेला माझ्या पोरीचं तोंड जे उतरलं, ते मी अजून विसरले नाही. मला भावाचा इतका राग आला, इतका, की हॉलवरूनच फोन करून सांगितलं, “मेले तरी तुझ्या उंबऱ्याला पाय लावायची नाही.”

त्याला तीन भाऊबिजा झाल्या. भावजय दर दिवाळीला फोन करायची, मी उचलायची नाही. माझी मुलगी मामाचं नावसुद्धा काढत नाही. भांडली असती, शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तर निघालो. कोजागिरी होऊन गेलेली, दिवाळी तोंडावर आलेली. ऊन कसलं, चटका नुसता. टूरवाल्यांनी सगळ्यांना पिवळ्याधमक टोप्या वाटल्या होत्या, हरवू नये म्हणून. चाळीस म्हातारे-कोतारे पिवळ्या टोप्या घालून मोरगावच्या गणपतीला रांगेत उभे राहिलो, तर तिथली फुलवाली हसून हसून बेजार. दर्शन मात्र छान झालं. मी मनातलं काही मागितलं नाही. मागायलाही ताठा आडवा आला.

बारामतीला एमआयडीसीपाशी कारखान्यांची पाळी सुटली होती. मोटारसायकलींचा लोंढा बसच्या दोन्ही अंगांनी वाहत होता, प्रत्येकाच्या हँडलला डब्याची पिशवी. आमच्यातले एक जण म्हणाले, “इथं बघण्यासारखं काय आहे?” मी म्हटलं, “ही सगळी माणसं आहेत की!” दुधाच्या कारखान्याचा तो आंबूस वास खिडकीतनं आला आणि मी तो छातीभर ओढून घेतला. कॉलेजला असताना याच वासाला नाक मुरडायचे मी.

गाइड म्हणून एक पन्नाशीचे गृहस्थ होते. माणूस सज्जन, आवाज खणखणीत, पण बोलणं सगळं पाठ केलेलं. पेरूच्या बागेला डाळिंब म्हणाले, मी सोडून दिलं. घेवड्याच्या मांडवाला द्राक्ष म्हणाले, तेही गिळलं. मग म्हणाले, “संध्याकाळी भिगवणला आपल्याला रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे दिसतील.” आता मात्र राहवेना. मी उठून म्हटलं, “अहो, थंडी पडल्याशिवाय ते फिरकत नाहीत. आत्ता गेलं तर पाणकावळे दिसतील, तेच बघून घ्या म्हणावं.” सगळी बस हसली. गाइडही हसले, हात जोडले आणि म्हणाले, “काकू, माइक तुम्हीच घ्या.”

मला काय, दिला तर घेतला! लासुर्णं गेलं, अंथुर्णं गेलं, माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. हा पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस, हा तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेला खोडवा, ओळखायचा कसा ते सांगितलं. कारखान्यांची धुराडी आता पेटतील, ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात, त्या बघा पालं ठोकतायत, सांगितलं. पूर्वी इथं लग्न ठरवताना पोराच्या शिक्षणाआधी कॅनॉलचं पाणी कुठवर पोचतं ते विचारायचे, हेही सांगितलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. शेजारीण अभिमानानं सगळ्यांकडं बघत होती, जशी काय मी तिचीच लेक. तेवढ्यात बस मोठा रस्ता सोडून डावीकडं वळली.

“हा जो कॅनॉलच्या चारीच्या कडेनं रस्ता जातो ना,” मी माइकमधे म्हणाले, “हा...”

आणि समोर चिंचेचं झाड दिसलं. चारीवरचा मोडक्या कठड्याचा पूल दिसला. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत. मी कसंबसं म्हटलं, “हा आमच्या रानात जातो,” आणि माइक गाइडच्या हातात कोंबला.

कागदावर टूरवाल्यांनी ‘शिवारातलं जेवण’ म्हणून कुठलंतरी गोड गोड नाव छापलं होतं. ते माझ्या भावाचंच रान असेल हे माझ्या स्वप्नात तरी कसं यावं? डाळिंब तेल्या रोगानं गेलं, ते काढून पेरू लावला, इथपर्यंत कानावर होतं. पाहुणे जेवायला घालायचा धंदा मांडलाय, हे कुणी बोललं नव्हतं. बोलणार कोण? मीच सगळ्यांना बोलायची बंदी घातलेली.

शेजारणीला काय ते कळलं. तिच्या नवऱ्यानंच तर त्या दिवशी मामाची जागा घेतली होती. ती हळूच म्हणाली, “तू बसमधेच बस. मी तुझं पान इकडं आणते.” मी बसले घट्ट. पण ड्रायव्हर कुठला ऐकायला! “काकू, मीबी जेवायला चाललोय. गाडी बंद करून कुलूप लावणार. उकडून मराल आत. उतरा.” उतरले. टोपी पार भुवयांपर्यंत ओढली आणि शेजारणीच्या मागं लपले. ती उंच आहे, रुंदही आहे, बरीचशी झाकले गेले.

फाटकात माझा भाऊ उभा होता. डोक्याला गुलाबी फेटा! ज्यानं स्वतःच्या लग्नात फेटा काढून माझ्या मांडीवर टाकला होता, “खाजतंय” म्हणून, तो फेटा बांधून, हात जोडून, “या, राम राम, या पाव्हणं” करत होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. तीन वर्षांत इतक्या? राग यायचा सोडून मला नुसतं भरून आलं, आणि भरून आलं म्हणून पुन्हा राग आला. त्याचं लक्ष गेलं. टोपीनं काय होतंय, बहिणीची चाल कळत नाही होय? त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. “राम रा...” म्हणाला आणि पुढचं गिळून टाकलं. मी मान वळवून आत गेले.

अंगणात सारवलं होतं. सगळ्या बायकांना रांगेत चटईवर बसवलं, कारण हळदीकुंकू आणि ओटी हाही त्यांच्या कार्यक्रमाचा भाग. माझी भावजय ताट घेऊन रांगेच्या त्या टोकापासून निघाली. प्रत्येकीला कुंकू, पदरात मूठभर गहू, वर खण. आमच्यातल्या एकीचे यजमान गेल्या वर्षी गेले. तिनं हात मागं घेतला, तर भावजयीनं तिचा हात धरून पुढं ओढला आणि तिलाही कुंकू लावलं. मला ते फार आवडलं. मनात आलं, ही बाई मुळातच चांगली, हिनं काय घोडं मारलं होतं माझं? मी पदर सावरून बसले. आता माझ्यासमोर येईल, आता बोलेल.

ती आली. शेजारणीची ओटी भरली. माझ्याकडं बघितलं, डोळ्यांत पाणी तरारलं, आणि मला ओलांडून पलीकडच्या बाईपुढं जाऊन बसली.

सगळ्यांनी बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बरंच झालं. इतकी वर्षं फोन उचलले नाहीत, त्याचं उट्टं चाळीस माणसांदेखत काढलं. मी उठले आणि तडक बसपाशी जाऊन उभी राहिले. बसला कुलूप. सावली नाही. मागनं शेजारणीच्या हाका, “अगं थांब, अगं ऊन लागेल!” मी ऐकलं नाही. लांब पेरूच्या ओळींमधे माझा भाऊ लोकांना ठिबकच्या नळ्या दाखवत होता, आणि बोलता बोलता मधेच माझ्याकडं बघत होता. मी पाठ फिरवली. इतकं एकटं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. स्वतःच्या बापाच्या रानात, पिवळी टोपी घालून, कुलूपबंद गाडीला टेकून मी रडत होते.

तेवढ्यात भावजय आली, पिठाचे हात तसेच घेऊन, जवळजवळ पळतच.

“वन्सं, हितं काय उनात उभ्या ऱ्हायलाय? चला की लवकर. तव्यावरची करपंल माझी. पानं मांडल्यात आन वाढायला माणूस न्हाय.”

मी फाडकन म्हटलं, “कुंकू लावायला तुझा हात झडला होता, आणि आता वाढायला मी पाहिजे होय?”

खरंच तिला कळेना. मग म्हणाली, “अवो, तुमची वटी अंगणात भरू? पाव्हण्यांच्या रांगंत बसवून? लेकीची वटी देवाम्होरं भरत्यात, निगताना. मी नवी आलते तवा तुमीच शिकवलंय की मला. इसरलासा व्हय?”

मी विसरले होते. स्वतःच सांगितलेलं विसरून उन्हात तडफडत बसले होते. मला रांगेत धरलं असतं तर मी पाहुणी झाले असते. तिनं वगळलं म्हणजे मला घरात धरलं होतं. कसली मी शहाणी! चाळीस माणसांना माइकवरून मुलूख समजावत आले, आणि माझ्याच घरची रीत मला कळली नाही. मी टोपी काढली, डोळे पुसले आणि म्हटलं, “चल. पिठलं तरी धड केलंयस का, का पुण्याच्या लोकांसाठी तिखट मारलंयस?”

“चाखून बघा की,” ती म्हणाली, आणि हसत हसत रडायलाच लागली. मग काय, दोघी बसच्या आडोशाला मिठी मारून रडलो. माझ्या पाठीवर तिची पिठाची पाचही बोटं उठली, ती घरी आल्यावर दिसली.

मी पदर खोचला आणि भाकरीची टोपली घेऊन पंगतीत शिरले. आमच्या लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. एक जण म्हणाले, “अहो, तुम्ही कशाला? तुम्ही पाहुण्या आहात.” मी म्हटलं, “पाहुणे तुम्ही. मुकाट्यानं भाकरी घ्या, गार झाली की चामडं होईल.” गाइडना मुद्दाम दोन वाढल्या. माझा भाऊ त्याच पंगतीत पाण्याचा जग घेऊन उलट्या बाजूनं येत होता. मी भाकरी वाढत पुढं, तो पाणी वाढत पुढं, आणि मधोमध, शेजारणीच्या पानापाशी, समोरासमोर आलो. दोघंही थांबलो. शेजारीण बिचारी घास हातात धरून एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघतेय.

“आक्का,” तो म्हणाला, “तू जेवलीस का?”

“आधी पाहुण्यांचं होऊ दे,” मी म्हटलं, आणि पुढं गेले.

जेवलो आम्ही मागनं, चुलीपाशी, भावजय आणि मी. ठेच्यानं डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते एक बरं झालं. मग तिनं मला आत नेलं. देवघर तेच, समई तीच. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, आणि वर बागेतले दोन पेरू.

बाहेर बसचा हॉर्न वाजायला लागला. उठून वळते तर दारात भाऊ उभा. फेटा काढून हातात धरलेला, केस घामानं चिकटलेले. आत यायलाही तयार नाही, बाजूला व्हायलाही नाही.

“आक्का, माझं चुकलं,” तो म्हणाला. “भावकी भावकी करत बसलो. त्या दिशी घरात एकटा बसलो हुतो. भावकीतलं एक माणूस इचारायला आलं न्हाय, का रं गेला न्हाईस म्हणून. तवापास्नं मला माझंच त्वांड बगवत न्हाय.”

इतकी वर्षं मी मनात घोकून ठेवलं होतं, समोर आला की काय काय सुनवायचं ते. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी एवढंच म्हटलं, “मला कशाला सांगतोस? मी तुझी बहीण, मी काय, आज ना उद्या विरघळणारच. हाका ज्या पोरीनं मारायला लावल्या, तिला सांग.”

“ती बोलंल माझ्यासंगं?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. आणि खरंच मला माहीत नव्हतं.

त्यानं खिशातनं फोन काढला. तिचा नंबरही त्याच्याकडं नव्हता. मी माझ्या फोनमधे बघून सांगितला. दाबताना तो दोनदा चुकला. रानातल्या सवयीनं त्यानं स्पीकर चालू केला होता, त्यामुळे ती रिंग घरभर वाजत राहिली. बाहेर गाइड “काकू, निघायचं!” म्हणत अंगणात आले आणि आमच्याकडं बघून तिथंच थबकले. त्यांच्या मागं शेजारीण.

“हॅलो, कोण?” माझ्या लेकीचा आवाज.

भावजयीनं भावाला कोपरानं ढोसलं.

“मी... मामा बोलतुया.”

“कुठले मामा?” ती म्हणाली. खवचटपणानं नाही, सरळच विचारलं तिनं.

वाटलं, आता हा फोन ठेवणार. मान खाली घालून रानात निघून जाणार, आणि या घराचं दार मला आजच्यापुरतंच उघडलेलं राहणार. भावजयीनं माझा हात घट्ट धरला होता. त्यानं फेट्यानंच तोंड पुसलं.

“तीनदा पुकारलं,” तो म्हणाला, “आन जो आला न्हाय, त्यो.”

बाहेर ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला, तर शेजारीण त्याच्यावर अशी काही खेकसली की तो गपगार झाला.

“मामा,” माझी पोर म्हणाली, “किती उशीर केलास रे.”